तिसऱ्या वेळची हवा

ब्रेकर मी स्वतः पाडला. सिरसाळ्याकडची गावं एका झटक्यात बंद. सबस्टेशनचा ऑपरेटर सलीमभाई केबिनमधून धावतच आला.

"साहेब, कावून बंद केला? ट्रिप तर झाला न्हाई!"

"बुखोल्झचा अलार्म आलाय ना?"

"मंग काढू की हवा. दोनदा काढलीच हाय."

बुखोल्झ रिले म्हणजे ट्रान्सफॉर्मरची टाकी आणि वरचं तेलाचं पिंप जोडणाऱ्या पाइपातली डबी. आत ठिणगी पडली किंवा जोड तापला, की तेलाचा गॅस होतो, वर चढतो आणि या डबीत साठतो. पुरेसा साठला की अलार्म. पण तेल फिल्टर केल्यावर अडकून राहिलेली हवाही इथेच येते. अलार्म तोच वाजतो. आणि फिल्टरचं काम नुकतंच झालं होतं, माझ्याच देखरेखीखाली.

माझ्या वरच्या साहेबांचा फोन आला.

"जाधव, जिनिंगवाले अप्पा माझ्या डोक्यावर बसलेत. कापसाच्या गाड्या खोळंबल्यात म्हणे. फिल्टरनंतर एखादा अलार्म येतोच. हवा काढा, ट्रान्सफॉर्मर चार्ज करा, लाइन चालू करा."

साहेबांचं चुकत नव्हतं. त्यांच्या लेखी हा पहिलाच अलार्म होता.

"साहेब, हा तिसरा आहे."

"आधीचे दोन?"

"सांगितले नाहीत. काम माझं होतं. नीट झालं नाही म्हणाल, म्हणून गप्प बसलो. गॅस न तपासता सलीमभाईला सोडून द्यायला लावला."

"आणि हे आज सांगताय?"

"फिल्टरनंतर पहिला पंधरवड्याने आला, दुसरा त्यानंतर आठवड्याने, हा त्याच्यानंतर तिसऱ्याच दिवशी. हवा असती तर अंतर वाढत गेलं असतं. इथे घटतंय. आत जोड तापतोय. टाकी फुटली तर सलीमभाई शेजारीच बसतो. मी चार्ज करणार नाही."

"सिद्ध करा. मग बोलू."

रिलेच्या तोटीतून गॅस सिरिंजमध्ये घेतला. यार्डाबाहेर नेऊन पेटत्या काडीवर सोडला. हवा जळत नाही. हा जळला, फिकट निळा. मग तिन्ही फेजच्या वाइंडिंगचा रेझिस्टन्स मोजला. तो जवळपास सारखा हवा. मधल्या फेजचा सरळसरळ जास्त. म्हणजे जोड तिथेच ढिला. तेल उतरवून झाकण उघडलं. तार टाकीत शिरते तिथल्या बुशिंगखालचा नट बोटाने फिरत होता. तांबं काळंनिळं, भोवतीचा कागद कोळसा.

सलीमभाई वाकून बघत राहिला.

"म्हंजे दोनदा म्या मौतीची टोटी खोलली, अन् तुमी हितं उभं राहून हवा हाय, हवा हाय म्हणत होते?"

"हो."

"लई भारी इंजिनिअर हाय तुमी बी." तो हसला. मला हसता आलं नाही.

जोड नवा केला, तेल परत भरलं, टेस्ट जुळल्या, ट्रान्सफॉर्मर चार्ज केला. जिनिंग सुरू झाली. अप्पांनी आभार मानले नाहीत. अंधार केल्याबद्दल वर तक्रार मात्र केली. मला खुलासा मागणारा मेमो आला. उत्तरात मी काही लपवलं नाही.

आता अलार्म वाजला की आधी साहेबांना फोन करतो, मग तोटीकडे जातो.

निदान अचूक होतं, असं साहेबांनी मेमोतही लिहिलं होतं. ते खरंच आहे. फक्त दोन अलार्म उशिरा झालं.