बिनभोकाच्या बाटल्या

मुलगी कॉलेजला लागली आणि मला दुपारी घर खायला उठायला लागलं, तेव्हा मी एका संस्थेत कामाला लागले. काम काय, तर निफाडच्या बाजूच्या द्राक्षबागांत जाऊन फवारणीच्या औषधांच्या रिकाम्या बाटल्या गोळा करायच्या. आम्ही ओझरला राहतो. सकाळी संस्थेची पिकअप कोपऱ्यावर यायची, मी ड्रायव्हरकाकांच्या शेजारी बसायची आणि आम्ही निघायचो. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "आमची सून शेतीखात्यात आहे." भंगार गोळा करते म्हणायला त्यांची जीभ रेटायची नाही.

रिकामी म्हणतात ती बाटली रिकामी नसते, हे मी पहिल्या आठवड्यातच शिकले. तळाला, मुठीच्या पोकळीत, झाकणाच्या आट्यांत औषध राहतंच. म्हणून ती तीनदा खळखळून धुवायची, धुवण फवारणीच्या टाकीतच ओतायचं आणि मग बाटलीला भोक पाडायचं. भोक नसलं की माणसं तिचा काहीतरी उपयोग करतातच. कालव्याच्या कडेला एकदा मजूर बायका जेवायला बसल्या होत्या. मधोमध पाण्याचा कॅन. त्यावरचं कवटीचं चित्र घासून घासून पुसट झालेलं, पण ओळखू येत होतं. मी ओरडले तर एक जण म्हणाली, "अहो ताई, चांगला राखेनं घासलाय."

शेतकरी धुवायचे, पण भोक पाडायचा त्यांना कंटाळा. ते आम्हीच करायचो. लाकडी मुठीची एक जाड सळई माझ्या पिशवीत कायम असायची. भोकं पाडलेला माल गोणीत भरून गोडाऊनला जायचा. तिथून पुढे कारखान्यात त्याचा चुरा व्हायचा.

आमच्या रस्त्यावर कालव्यालगत एका म्हाताऱ्या जोडप्याची बाग होती. त्यांना मी मावशी आणि अण्णा म्हणायची. मुलं नोकरीला बाहेर. दोघंच बाग सांभाळायचे. मावशी फार जपून वागायच्या. बाटल्या मोटारीच्या खोलीत कुलपात ठेवायच्या आणि मी गेले की चहा टाकायच्या. त्या वर्षी छाटणीनंतर धुकं हटतच नव्हतं. डावणी रोगाच्या भीतीनं लोक दिवसाआड फवारत होते. बाटल्यांचा नुसता खच पडला असणार, असं मनाशी धरून मी गेले, तर खोली मोकळी.

"मावशी, बाटल्या कुठं गेल्या?"

"आता गं बाई! तुमचाच माणूस घेऊन गेला ना परवा."

"आमचा कुणी आला नव्हता."

मावशींनी काकांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "संस्थेतूनच आलो म्हन्ला. लय गोड बोलत व्हता. बिनभोकाच्या द्या, म्हन्ला. झाकनं बी शोधून घेतली. कागद फाटलेल्या बाटल्या तेवढ्या टाकून गेला."

परतताना काका म्हणाले, "ताई, भंगारवाला कागद बघत नाही. झाकण तर नाहीच नाही. ह्यांना बाटली भरायचीय परत."

त्यानंतर आणखी चार-पाच बागांत तेच झालं. आमच्या आधी कुणीतरी येऊन जायचं. कोरी दिसणारी बाटली आम्हाला सापडेनाशी झाली. मी संस्थेत सांगितलं. साहेब म्हणाले, गावोगाव सावध करा. आम्ही करत गेलो. ज्या बागेत फवारणी चालू दिसेल तिथं थांबून, टाकीशेजारीच बाटल्यांना भोकं पाडायला लागलो.

तो माणूस मला भेटला तो भर दुपारी, चहाच्या टपरीवर. काका गाडीत हवा भरायला गेले होते. चाळिशीचा असेल, इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध. समोरच्या बाकावर बसला आणि माझ्या चहाचे पैसेही त्यानंच देऊन टाकले.

"ताई, कशाला एवढं उन्हातान्हात फिरता? आम्ही नेतो ना बाटल्या. तुमचंही काम हलकं होईल."

"तुम्ही कुठल्या संस्थेचे?"

तो हसला. "संस्था कसली! फक्त भोकं नका पाडत जाऊ. चांगल्या वस्तूचं वाटोळं होतं."

मी उठले. तो बसूनच होता, आवाजही चढवला नाही. "ओझरला पाण्याच्या टाकीजवळ ना तुम्ही? दारातली जास्वंद काय छान वाढलीय. मुलगी घालते वाटतं पाणी."

काका आले तेव्हा तो निघून गेला होता. घरी गेल्यावर मी मुलीला सांगितलं, काही दिवस झाडांना मी पाणी घालेन. ती म्हणाली, "का गं?" मी म्हटलं, "असंच."

द्राक्षाला मणी धरले होते तेव्हा मावशींचा फोन आला. बोलणं नीट समजेना. आम्ही पोचलो तर अण्णा बागेच्या तोंडाशी उकिडवे बसले होते. मी आत गेले आणि थांबलेच. पानं कडेनं भाजल्यासारखी तपकिरी, घडांचे देठ काळे. मी जरासा हात लावला तर मणी टपटप खाली पडले. बागेत एक पाखरू नव्हतं. शेजारची बाग हिरवीगार उभी होती.

"दोन पोरं मोटरसायकलवर आली व्हती," अण्णा जमिनीकडं बघत म्हणाले. "दुकानात माल संपला व्हता. धुकं तर असं. मी घेतलं."

मावशी मोटारीच्या खोलीतून बाटली घेऊन आल्या. नव्यासारखी दिसत होती, झाकणाला सीलही होतं. त्यांनी ती उलटी केली आणि बुडाशी बोट ठेवलं. तिथं तापल्या सुईचे तीन बारीक डाग होते.

"मला वाचता येत नाय. तणाचं कोनतं, रोगाचं कोनतं कळावं म्हनून मी डाग देते. ही माझीच बाटली हाय. माझ्याच घरातून गेली अन् माझ्याच बागंवर आली."

अण्णांनी टोपी काढून तोंडाला लावली.

ती बाटली मी तालुक्याला कृषी कार्यालयात नेऊन दिली. त्यांनी नमुना घेतला, पंचनामा केला. पावती नव्हती, दुकान नव्हतं, मोटरसायकलचा नंबर कुणी पाहिला नव्हता. टपरीवरच्या माणसाचं वर्णन मी सांगितलं. समोरच्या बाईंनी लिहून घेतलं आणि हळूच विचारलं, "तुम्ही एकट्याच फिरता का?"

पुढच्याच रविवारी सकाळी आमच्या फाटकाला एक गोणी टांगलेली दिसली. आत स्वच्छ धुतलेल्या बाटल्या, झाकणं घट्ट लावलेली, एकीलाही भोक नाही. नवऱ्यानं गोणी खाली उतरवली. तो वर्कशॉपात काम करतो, सहसा घाबरत नाही. पण त्यानं आधी रस्त्याच्या दोन्ही टोकांना पाहिलं. मी सळई आणली. हातमोजे घालून एकेक बाटली काढत अंगणातच भोकं पाडायला लागलो. खालची एक उचलली तर जड लागली.

"भरलेली आहे," मी म्हटलं.

"ठेव खाली. मुलीला आत घे."

तिच्यावर कागद नव्हता. ती आम्ही वाळूच्या बादलीत उभी करून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी पोलिसांकडं दिली. आत काय होतं ते आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही. नवरा म्हणाला, सोड हे काम. सासूबाईंनी तर बोलणंच टाकलं. मी आठ-पंधरा दिवस घरी बसले. पण घरी बसल्यावर फाटकाकडंच लक्ष जायचं, त्यापेक्षा गाडीत बरं वाटत होतं. परत गेले.

मावशी-अण्णांनी उन्हाळ्यात बाग खोडापर्यंत छाटली. निम्मी फुटली, निम्मी नाही. जिथं वेली मेल्या तिथं त्यांनी कांदा लावला. तो माणूस मला पुन्हा दिसला नाही.

यंदाही थंडीत धुकं आहे. परवा कालव्याच्या पलीकडं एका मोठ्या बागेत गेलो. मालक फाटकातच आडवा उभा राहिला. मी बाटल्या मागितल्या.

"नाहीत, ताई. यंदा फवारलंच नाय आम्ही."

मी त्याच्या खांद्यावरून आत पाहिलं. पानांवरचे थेंब अजून वाळले नव्हते. तो माझ्याकडं बघेना, मागं बागेत कुणीतरी असल्यासारखा एकसारखा मान वळवत होता.

"चला ताई," काका म्हणाले.

आम्ही गाडी वळवली.