भावजींचे टॉवेल

आमचे भावजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, न्हावी आहेत. केस कापणारे पुष्कळ असतात. भावजींकडे लोक यायचे ते टॉवेलसाठी. दाढी झाली की उकळत्या पाण्यात बुडवून पिळलेला टॉवेल ते गिऱ्हाइकाच्या तोंडावर ठेवायचे, आणि भांडकुदळ माणूससुद्धा त्याखाली गपगार व्हायचा. टॉवेल ते घरी आणून स्वतः धुवायचे. ताईला हात लावू द्यायचे नाहीत. त्यांच्या जुन्या मशीनचा टब काठोकाठ भरायचा, पाणी गढूळ झालं की सोडून द्यायचं, पुन्हा भरायचं. शेवटचं पाणी पिण्यासारखं दिसलं, की मगच टॉवेल दोरीवर.

ते मशीन एकदाचं मेलं आणि जावईबापूंनी नवीन आणलं.

इथे थोडं घरातलं सांगायला हवं. माझ्या भाचीने स्वतःच्या मनाने लग्न केलं, तेव्हा भावजींनी तोंड फिरवलं होतं. वर्षभर बापलेकीत शब्द नाही. ताई फोनवर कुजबुजायची आणि भावजी मुद्दाम नळ सोडून बसायचे, ऐकू येऊ नये म्हणून. अशात एका रविवारी जावईबापू मशीन घेऊन दारात उभे राहिले, मागे भाची. मशीनला नाही कसं म्हणणार? मशीन आत आलं, त्याच्यामागून लेकही आली. तेव्हापासून दर रविवारी दोघं येतात. जावईबापूंचा पहिला प्रश्न ठरलेला, "काय बाबा, मशीन कसं चाललंय?" आणि भावजींचं उत्तरही ठरलेलं, "एकदम झकास."

झकास कसलं, डोंबल! पाणी वाचवणारं मशीन म्हणे ते. पाणी वाचवावं, माझी ना नाही. ठिबकणारा नळ ऐकला की मीही झोपेतून उठते. पण या बयेच्या पोटात तांब्याभर पाणी जायचं. काचेतून बघावं तर टॉवेल नुसते ओलसर होऊन एकमेकांवर लोळताहेत, एकाचा मळ दुसऱ्याला लावताहेत. बाहेर यायचे ते साबणाने बुळबुळीत. दाराच्या रबरी घडीत बोट घातलं तर काळपट चिकट लगदा हाताला लागायचा, आणि त्यात केस. दहा जणांच्या दाढ्यांचे केस! टॉवेल वाळला की वरवर बरा दिसायचा. खरी गंमत गरम पाण्यात घातल्यावर. आत दडून बसलेला सगळा वास जागा व्हायचा, ओल्या कुत्र्यासारखा, आणि तोच टॉवेल माणसाच्या नाकावर ठेवायचा.

भावजींनी नाही नाही ते करून पाहिलं. मशीन कपड्यांच्या वजनावरून पाणी घेतं असं कळल्यावर टॉवेलांबरोबर भिजलेली सतरंजी घातली. सतरंजी सगळं पाणी प्यायली. साबणाच्या खणातून मगाने पाणी ओतलं, तर मशीनने शिट्ट्या मारून ते सगळं बाहेर ओकलं. दुरुस्तीवाला आला, काचेत डोकावला आणि म्हणाला, "काही बिघाड नाही काका. हे असंच असतं." अशी बेशरम वस्तू मी दुसरी पाहिली नाही.

शेवटी व्हायचं तेच झालं. जुने मास्तर दाढीला आले होते. भावजींचं दुकान उघडलं तेव्हापासूनचं गिऱ्हाईक. तोंडावर टॉवेल ठेवला आणि मास्तर ताडकन उठून बसले. ओठाला चिकटलेला केस त्यांनी दोन बोटांत धरून उजेडात पाहिला. चांगला काळाभोर, राठ केस. मास्तरांचं डोकं पांढरंफटक.

"हा माझा नाही रे," एवढंच म्हणाले. मग बेसिनपाशी जाऊन चूळ भरली, पुन्हा भरली, पुन्हा भरली. पुढच्या आठवड्यात भावजींनी त्यांना कोपऱ्यावरच्या दुसऱ्या दुकानातून बाहेर पडताना पाहिलं. मास्तरांनी चटकन रस्ता ओलांडला. त्या दिवशी भावजी जेवले नाहीत. "माझा टॉवेल लागला म्हणून माणूस चूळ भरतो," असं ताटावर बसून दोनदा म्हणाले आणि उठून गेले.

त्यानंतर मला वाटलं मशीन सुधारलं. टॉवेल पुन्हा पांढरेशुभ्र, गिऱ्हाइकं टिकून. पण एकदा मी ताईकडे विरजण मागायला गेले, तर मशीन घरघरत होतं आणि काचेत बघते तो काय, आत चिंधीसुद्धा नाही! नुसतंच रिकामं फिरतंय. तडक दुकानात गेले. मागच्या नळावर भावजी उकिडवे बसून, कोपरापर्यंत सोड्याच्या पाण्यात हात घालून टॉवेल चोळत होते.

"हे काय भावजी? आणि घरी ते काय दळताय?"

"हळू बोला हो! तुमच्या ताईच्या पोटात काही राहतं का? मशीन बंद दिसलं की लगेच पोरीला फोन."

"मग कळू दे!"

"वर्षाने आली आहे ती," भावजी म्हणाले. "त्या मशीनच्या पाठोपाठ आली. मला ते मोडीत काढायचं नाही."

त्यांचे हात पाहिले आणि माझा संताप झाला. बोटांच्या पेरांवर चिरा पडल्या होत्या. वस्तऱ्यावर जगणाऱ्या माणसाचे हात! मी म्हटलं, रविवारी जावयाला दुकानात दाढीला बसवा आणि तोंडावर मशीनचाच टॉवेल टाका, त्याच्या नाकालाच कळू दे. भावजींनी हातातला टॉवेल पिळला आणि मान डोलावली.

रविवारी मी मुद्दाम डबा घेऊन दुकानात गेले. जावईबापू खुर्चीत, भाची बाकावर. दाढी झाली. दोन टॉवेल तयार होते, एक हातचा, एक मशीनचा. भावजींनी मशीनचा टॉवेल गरम पाण्यात घातला, पिळला, जावयाच्या तोंडापर्यंत नेला. मला बाकावर बसून वास आला. आणि या माणसाने तो बाजूला ठेवला! दुसरा घेतला आणि अलगद जावयाच्या तोंडावर ठेवला. मी कपाळावर हात मारून घेतला.

"वा!" टॉवेलखालून जावईबापू म्हणाले. "बघा बाबा, म्हटलं नव्हतं मशीन चांगलं आहे?"

भाची कौतुकाने हसली. मी तोंड उघडणार इतक्यात भावजीच बोलले.

"हाताने धुतलाय."

जावईबापूंनी टॉवेल खाली ओढला. "का?"

"मशीनचा तुमच्या तोंडावर टाकवेना मला."

जावईबापूंनी बाजूला पडलेला टॉवेल उचलून हुंगला, आणि त्यांचं तोंड असं काही वाकडं झालं की एरवी मी खो खो हसले असते. भाची उठली. तिने बापाचे हात उलटसुलट करून पाहिले, चिरांवरून अंगठा फिरवला.

"एवढं होईपर्यंत गप्प बसलात बाबा?" तिचा आवाज चढला. "मी काय दर रविवारी मशीन बघायला येते?"

हात सोडवून न घेता भावजी तसेच उभे राहिले.