आईनं पाहिलेला जंगलातला सिनेमा

बाबा गेल्यावर चार महिन्यांनी मी आईला मिरजेहून चेन्नईला आणलं. तांबरमच्या माझ्या दोन खोल्यांत तिचं बरं चाललं होतं. अस्वस्थ मीच होतो. बाबांना अपघात झाला तेव्हा मी इथे गिंडीच्या कारखान्यात होतो. मिळेल ते विमान पकडून पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. शेवटच्या तासाबद्दल तिनं कधी सांगितलं नाही आणि मला विचारायचं धाडस झालं नाही.

एका रविवारी दुपारी तिला सिनेमाला नेलं. ठरवलेला कौटुंबिक सिनेमा हाउसफुल्ल होता. परत फिरणार, तेवढ्यात तिनं दुसऱ्या पोस्टरकडे बोट दाखवलं. गर्द जंगल आणि कुऱ्हाड.

"हा चालेल की."

"आई, नुसता रक्तपात असणार. शिवाय तमिळ."

"तीस वर्षं ऑपरेशन थिएटरात सिस्टर होते मी. रक्ताला कसली आलीय भाषा?"

सिनेमा भलताच विचित्र निघाला. जंगलात मध काढायला गेलेली माणसं आणि त्यांच्या मागे एक मेलेला वनरक्षक. हा एकेकाला तोडायचा आणि मग, सरकारी झाडांवर रंगवतात तसे, त्या हातापायांवर पांढऱ्या रंगानं नीट नंबर घालायचा. नंबर वाकडा आला की पुसून पुन्हा. आई खुर्चीच्या कडेवर सरकून बसली होती.

"एवढी लांब चिळकांडी उडत नाही," ती मला हळूच म्हणाली. थोड्या वेळानं, "अरे, सांध्यात कापायचं. हाडावर काय घाव घालतोय गाढव!" आणि तोंडाला पदर लावून खुदुखुदु हसली.

मी दोनदा पाणी प्यायला बाहेर जाऊन आलो. फोन काढायचो, ठेवायचो. मग एक माणूस झाडाखाली चिरडला. छातीपर्यंत झाड, तोंडातून रक्त. मी पुन्हा उठलो तसं तिनं माझं मनगट धरलं.

"बस खाली."

बसलो.

"तुझ्या बाबांचं असं नव्हतं," ती पडद्याकडे बघतच म्हणाली. "बाहेर रक्त फारसं आलंच नाही. आत झाला रक्तस्राव. तासभर शुद्धीवर होते. स्कूटर कुणाच्या दारात ठेवली ते विचारलं. मग म्हणाले, झोप येतेय."

"माझ्याबद्दल काही?"

"नाही रे."

तिला खोटं बोलता आलं असतं. मी तिच्याकडे बघत राहिलो. आता उठून जावंसं वाटत नव्हतं. पडद्यावर वनरक्षक एका मांडीवर नंबर घालत होता आणि त्याचा रंगच संपला. डबा झटकून त्यानं असा काही वैतागून सुस्कारा सोडला की थिएटरभर हशा पिकला. आई हसली. मीही हसलो, डोळे पुसत. पुढचा सगळा सिनेमा मी जागचा न हलता पाहिला, आणि खरं सांगायचं तर मला तो फार आवडला.

परतीच्या गाडीत तिनं माझा हात कोपरात वाकवला आणि नेमकं कुठे कापायचं ते बोटानं दाखवू लागली. समोरची बाई आपली पिशवी उचलून पलीकडच्या बाकावर जाऊन बसली.