मरीयेचे गीत आणि अपूर्ण आरोपपत्र

१९४२ च्या ऑगस्टमध्ये मी अहमदनगर छावणीत लान्स नाईक, कंपनी क्लार्क होतो. किल्ल्यात राजबंदी होते. पहारे दुप्पट झाले होते.

दर रविवारी १८०० वाजता आम्ही अकरा ख्रिस्ती जवान बराकीमागे सायंप्रार्थना करीत असू. तीत मरीयेचे उपकारगीत म्हणणे विहित आहे. तारणारा आपल्या पोटी जन्मणार हे कळल्यावर एका दीन मुलीने मानलेले ते देवाचे आभार. तिसगावचा नाईक शांतवन ते आपल्या आईच्या जात्यावरच्या ओवीच्या चालीत गाई.

देव सत्ताधीशांना आसनावरून उतरवतो, हे कडवे चालू असता सुभेदारसाहेब आले. ओवीच्या चालीत प्रार्थना असेल, हे त्यांच्या ध्यानात येईना.

"शांतवन, राजाला खाली कोन वढतंय?"

"देव वढतोय, साहेब. आमी नुस्ते आभार मानतोय."

"मग उद्या देवालाबी ऑर्डरली रूममदी घिऊन ये."

आरोप राजद्रोही गीताचा. कोर्ट मार्शल अटळ दिसत होते. आरोपपत्र मलाच टाईप करावे लागले. संताप सगळा कळांवर काढला. अक्षर एकही चुकले नाही. सोबत मी इंग्रजी प्रार्थनापुस्तक आणि लेखी निवेदन जोडले: 'हेच गीत बादशहांच्या चर्चमध्ये रोज सायंकाळी विहित आहे. मेजरसाहेब स्वतः ते रविवारी म्हणतात. सबब, आरोपींची यादी अपूर्ण आहे.'

सोमवारी १००० वाजता ऑर्डरली रूममध्ये, कंपनी कमांडर मेजरसाहेबांसमोर, शांतवन आरोपीच्या रीतीने टोपीविना उभा राहिला. मेजरसाहेबांनी खूण केलेले पान दोनदा वाचले.

"मराठीत हेच?"

"हेच, साहेब. चाल तेवढी आईची."

"चार्ज डिसमिस्ड."

बाहेर सुभेदारसाहेब मला म्हणाले, "लई बेरकी हाईस." पुढच्या रविवारी ते मागे उभे राहून शेवटपर्यंत ऐकत होते.

१९४५. ब्रह्मदेश. नदी ओलांडताना शांतवनचा सेक्शन सर्वांत पुढे होता. ०६४० वाजता वायरलेसवर संदेश आला: "पैलतीर ताब्यात. नाईक शांतवन ठार. ओव्हर." लॉगमध्ये नोंद मी केली. त्या रविवारी गीत कोणी सुरू करीना. तेव्हा सुभेदारसाहेबांनी, स्वतः हिंदू असून, त्या ओवीच्या चालीत गीताची पहिली ओळ धरली.

आमच्या चर्चच्या मंडळीच्या समितीने अलीकडे ते सत्ताधीशांचे कडवे 'कठोर' ठरवून उपासनेतून गाळले आहे. माझी चौथी हरकत काल रजिस्टर्ड पोस्टाने रवाना झाली. तीत साक्षीदार एकच नमूद केला आहे: नाईक शांतवन, राहणार तिसगाव, सध्या मुक्काम, जिंकलेला पैलतीर.