बर्फातला गॉगल आणि काळी टेप

जव्हारच्या धुक्याचं कौतुक करणारी माणसं सहसा गाडीतून उतरून फोटो काढतात आणि परत गाडीत बसतात. त्या धुक्यातून रोज मोटरसायकल चालवणाऱ्याला कौतुक सुचत नाही.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी जव्हारला बातमीदार होतो. शेजारचे गुरुजी मोखाड्यापुढे सूर्यमाळच्या बाजूला एका पाड्यावर शिकवायला जात. त्यांचा चष्मा जाड भिंगांचा. एका पावसाळ्यात त्यावर वाफ धरली आणि ते गाडीसकट रस्त्याकडेच्या चरात गेले. त्यांची बायको जव्हारमध्येच नर्स होती. जखम धुता धुता तिने निकाल दिला, "अहो, आणखी एकदा पडलात तर गाडी विकायची आणि मोखाड्यात खोली घ्यायची. मला नवऱ्याला टाके घालायची हौस नाही."

गुरुजींना घर सोडायचं नव्हतं. मुलगी नुकतीच चालायला लागली होती.

चहाच्या टपरीवर एक सरकारी साहेब नियमित येत. ते एकदा सहकुटुंब मनालीला जाऊन आले होते. तेव्हापासून थंडी, धुकं आणि उंची ही तिन्ही खाती त्यांच्याकडे होती.

"गुरुजी, बर्फात घसरणारे लोक घालतात तो गॉगल घ्या. काळा, आरशासारखा. बर्फाला पुरतो, तिथे आपल्या धुक्याची काय टाप?"

"साहेब, तुम्ही मनालीला आपटलात तेव्हा घातला होता का?" टपरीवाल्याने विचारलं.

"आपटलो नव्हतो. बसलो होतो."

गुरुजींसोबत मी ठाण्याला गेलो. खेळाच्या सामानाच्या दुकानदाराने गॉगलच्या काचेवर हाऽऽ करून फुंकर मारली, शर्टाने पुसली आणि म्हणाला, "बघा, राहते का वाफ?" पुसल्यावर ती कुठल्याच काचेवर राहत नाही. मला हवी ती माहिती गॉगलच्या डब्यावरच छापलेली होती. काच दुहेरी हवी, मधे हवेची पोकळी. आतल्या बाजूला वाफ न धरणारा लेप असतो, तो पुसायचा नाही. वर-खाली स्पंज लावलेली भोकं हवीत, म्हणजे श्वासाची दमट हवा बाहेर जाते. आत चष्मा मावेल इतकी खोली हवी. काळी काच बर्फावरच्या उन्हासाठी असते. धुक्यात ती दिवसाची रात्र करते. आम्ही पिवळ्या काचेचा घेतला.

तो चालला. गुरुजी वेळेवर जात, वेळेवर येत आणि दारातूनच बायकोला सांगत, "दिसतं."

मग झड लागली. वरच्या स्पंजातून दोन-चार थेंब आत आले. गुरुजींनी ते टपरीवर बोलून दाखवलं. साहेबांनी गॉगल फिरवून पाहिला.

"अहो, याला तर भोकं आहेत! धुकं इथूनच शिरणार."

आमच्याकडे पावसाळ्याची तयारी म्हणजे बुजवाबुजव. पडवीला प्लास्टिक, खिडकीला बारदान, जीपच्या दाराला चिंध्या. भोक दिसलं की ते बंद करायचं. ते कशासाठी ठेवलंय हे कोणी विचारत नाही. शेजारच्या दुकानातून वायरमनची काळी टेप आली. साहेबांनी स्वतः, जीभ किंचित बाहेर काढून, एकेक भोक बंद केलं. चार सुशिक्षित माणसं चहा थंड होऊ देत ते पाहत होती.

"श्वास जाणार कुठून?" मी विचारलं.

"तुम्ही बातम्या लिहा," साहेब म्हणाले. लोक हसले. गुरुजीही हसले आणि गॉगल दप्तरात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोखाड्याच्या अलीकडच्या वळणावर आधी चष्मा पांढरा झाला, मग गॉगल. चर वेगळा, गुरुजी तेच. या वेळी गुडघा फुटला. बायकोने टाके घातले आणि त्यांच्या खिशातून गाडीची किल्ली काढून घेतली. गाडी विकली गेली.

पाऊस ओसरल्यावर मी त्यांच्या मोखाड्याच्या खोलीवर गेलो. एक कॉट, एक स्टोव्ह, खिळ्याला गॉगल. टेप तशीच.

"काढली नाहीत?"

"साहेब परवा इकडे आले, तेव्हा पाहिला," गुरुजी आदराने म्हणाले. "म्हणाले, टेप हलकी निघाली."

मग शनिवारी घरी जायच्या बससाठी पिशवी भरता भरता त्यांनी सांगितलं की हल्ली ते दारात आले की मुलगी आधी आईच्या मागे लपते.