न उसवलेली मुडप

गावातल्या मुलींचे शाळेचे गणवेश शिवणाऱ्या बाईला सगळे टाचणीकाकू म्हणत. तोंडात कायम चार टाचण्या असल्यामुळे ती मितभाषी आहे, असा बाहेरच्यांचा समज होता. घरच्यांचा नव्हता.

तिचं काम वाढत्या अंगाचं. फ्रॉकच्या घेराला आतून चार बोटं मुडप ठेवायची. शाळा उघडायच्या आठवड्यात मुली यायच्या, ती मुडप उसवून द्यायची आणि कपडा आणखी वर्षभर चालायचा. यंदा मात्र बऱ्याच मुडपी उसवाव्याच लागेनात. काकूनं त्याचं श्रेय, माणसं घेतात तसं, स्वतःकडे घेतलं. आपल्या हातचा कपडा तीन-तीन वर्षं चालतो, हे दोन-तीन आयांना ऐकवलंही. आयाही खूश झाल्या. कपडा टिकतोय म्हटल्यावर आतली मुलगी मोजायला कोण बसतं?

शेवटी स्वतःची लेक समोर उभी राहिली. वय चौदा. मुडप जशीच्या तशी, आणि कंबर गेल्या वर्षीपेक्षा दीड इंच कमी. काकूला वाटलं, टेप सैल पडली. जुनी टेप ताणली की माप कमी दाखवते. तिनं कपाटातली नवी कोरी टेप काढली. दीडच इंच कमी.

तोंडातल्या टाचण्या तिनं एकेक करून काढून ठेवल्या. त्या गिळल्या जातील अशी भीती तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटली. मग तिनं लेकीचा दंड मुठीत धरला. बोटं पलीकडून फिरून अंगठ्याला भेटली.

"जेवतेस ना गं?"

"जेवते की. सगळ्यांचं झालं की."

"आणि उरलं नाही तर?"

लेक हसली. "मग भूकही उरत नाही."

काकू तिला तशीच दवाखान्यात घेऊन गेली. नर्सबाई साऱ्या गावावर खेकसायच्या. त्यांनी मुलीच्या बोटातून थेंबभर रक्त काढलं, यंत्रात पाहिलं, दुसरा थेंब काढून पुन्हा पाहिलं, आणि अगदी हळू बोलल्या.

"रक्त फार कमी आहे. उद्या सकाळी मोठ्या दवाखान्यात न्यायचं. परवा नाही. आणि आजपासून हिला आधी वाढायचं."

दुपारी काकूनं पहिलं ताट लेकीपुढे ठेवलं. नवरा हात धुऊन उभाच राहिला. सासूबाईंनी विचारलं, आता पोरीबाळी पहिल्या पंगतीला बसणार का. वर म्हणाल्या, आमच्या वेळी मागून जेवल्यानं कुणी मेलं नव्हतं.

"मेली की," काकू म्हणाली. "तुमचीच धाकटी बहीण."

नवरा भिंतीला टेकून खाली बसला. लेक आजीकडे बघत, चोरी करावी तशी जेवू लागली. चार घास झाले आणि तिनं ताट सरकवलं.

"पोट भरलं."

"खोटं बोलू नकोस."

"खरंच भरलं गं, आई."

काकूनं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. पोरगी खोटं बोलत नव्हती. एवढ्या वर्षांत तिच्या पोटानंही अंग चोरायला शिकून घेतलं होतं.

काकूनं पाचवा घास कालवला आणि तो हातात धरून ती लेकीसमोर बसून राहिली. सकाळ व्हायला अजून फार वेळ होता.