कोणालाही जमेल

आमच्या ह्यांना कौतुक पचत नाही. चहा छान झालाय म्हणा, हे लगेच म्हणणार, "त्यात काय, कोणालाही जमेल." गाद्यांचा फोम बनवणाऱ्या कारखान्यात उभा जन्म गेला, पॉलियुरेथेनचं, म्हणजे त्या फोमचं, काही अडलं की मोठमोठे साहेब ह्यांनाच गाठतात. आणि हे मात्र चोरी पकडल्यासारखे ओशाळतात!

तर ह्यांनी एक युक्ती काढली होती. फोमची दोन्ही रसायनं एकदम मिसळायची नाहीत. आधी थोडं मिसळायचं, मुरू द्यायचं, मग उरलेलं ओतायचं. अशी गादी वर्षानुवर्षं दबत नाही. कंपनीने त्यावर पेटंट मागितलं आणि शोधक म्हणून ह्यांचं नाव घातलं. निवृत्तीच्या तोंडावर आयुष्यातलं पहिलंवहिलं पेटंट! मी तर ते लावायला भिंतीत खिळाही ठोकून ठेवला.

पण आमच्याच धंद्यातल्या दुसऱ्या कंपनीने विरोध केला आणि कुठलं तरी जुनं पेटंट उकरून काढलं. रसायनं हीच, मग यात नवीन काय, असं म्हणून पेटंट कार्यालयाने आमचा अर्ज फेटाळला. आम्ही अपिलात गेलो. वकीलबाईंनी ह्यांना बजावलं, "जुन्या पेटंटमध्ये दोनदा ओतणं नाहीये. ते साध्या जाणकाराला सुचलं नसतं, एवढंच आपल्याला पटवायचंय. तुम्ही फक्त कमी बोला."

सुनावणीत अध्यक्षांनी नेमकं तेच विचारलं, "या धंद्यातल्या साध्या माणसाला हे सुचलं असतं का?" मी मागच्या बाकावर जीव मुठीत धरून बसलेले. हे संकोचून हसले आणि म्हणाले, "त्यात काय साहेब, कोणालाही जमेल. आमच्याकडे नवी लागलेली मुलंसुद्धा करतात."

वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले. संपलं. अपील गेलं.

बाहेर आल्यावर माझं डोकं फिरलं होतं. "आता त्या खिळ्याला काय तुमची टोपी अडकवू?" एवढ्यात सुनावणीत समोरच्या बाजूला बसलेली त्या कंपनीची केमिस्ट घुटमळत जवळ आली.

"सर, ओळखलंत? मी तुमच्याकडे शिकाऊ होते. दोनदा ओतायचं तुम्हीच शिकवलंत. आता आमच्या कारखान्यातही सगळे तसंच करतात."

म्हणजे सगळ्यांना जमत होतं, कारण ह्यांनीच सगळ्यांना शिकवून ठेवलं होतं!

"अगं बाई, मग हे आत का नाही बोललीस?" मी तिच्यावर उखडले.

ती गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र चाचपू लागली.

"नोकरी आहे तिची," हे मला म्हणाले आणि तिच्याकडे वळले. "मुरताना भांडं झाकतेस ना? ओलावा लागला की वाया जातं. आणि हल्ली मी उरलेलं ओतण्याआधी जरा कोमट—"

"अहो, गप्प बसा!" मी ह्यांचा दंडच धरला. "एवढं तरी स्वतःजवळ ठेवा!"

"अगं, त्यात काय," हे दंड सोडवून घेत म्हणाले, "सांगितलं की तिलाही जमेल."